तेरावी पायरी

मिस्टर थ्रेलफॉलच्या घरातल्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. एकोणीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्या झाडल्या, तेव्हा आकडा चुकायचं कारण नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनाही तो पाठ होता, कारण हा गृहस्थ इंग्रजी व्याकरणातला एक धडा चक्क त्या जिन्यावर शिकवायचा.

धडा होता कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, विल, वुड यांचा. एवढीएवढीशी क्रियापदं. स्वतः काडीचं काम करत नाहीत, दुसऱ्या क्रियापदाच्या पुढ्यात उभी राहतात आणि त्यानं काम जोरात करायचं की दबकत, ते ठरवतात. "मुकादमांची जात आहे ही, मिसेस ओग्डेन," मिस्टर थ्रेलफॉल म्हणायचे. मी गालिच्यांच्या गिरणीत अकरा वर्षं काढलेली, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

तर विद्यार्थ्याला ते पहिल्या पायरीवर उभं करायचे. कधी तो पोलंडचा गवंडी असायचा, कधी सिरियाचा दंतवैद्य, कधी पलीकडच्या गल्लीतली बंगाली सासू. "म्हणा, पाणी दे." म्हटलं. "चढा एक पायरी. पाणी देशील का?" म्हटलं. "चढा. पाणी देऊ शकाल का? चढा. थोडं पाणी मिळू शकेल का?" कॅनचा कुड व्हायचा, कुडचा वुड, मध्येच कुणीतरी मस्टला टू जोडायचं आणि मिस्टर थ्रेलफॉल काठी आपटून त्याला दोन पायऱ्या खाली पाठवायचे. तेराव्या पायरीवर पोहोचलेला विद्यार्थी कठडा धरून म्हणायचा, "तुम्हाला फार त्रास होणार नसेल, तर कदाचित थोडंसं पाणी मिळण्याची काही शक्यता असू शकेल का, असं माझ्या मनात येत होतं."

"शाब्बास," मिस्टर थ्रेलफॉल खालून म्हणायचे. "आणि इथे इंग्रज माणूस तहानेनं मरतो."

सगळे हसायचे. मीही हसायचे, स्वयंपाकघरात, हातात इस्त्री घेऊन. एकदा त्या दंतवैद्यानं विचारलं होतं, "सर, मी पेशंटला 'तोंड उघड' म्हणतो. ही कितवी?"

"पहिली. या गावात किमान सातव्या पायरीवरून बोला, नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही."

मी शाळा सोळाव्या वर्षी सोडली. व्याकरण शिकले ते असं, भिंतीपलीकडून, दुसऱ्याच्या शर्टांना इस्त्री करताना. नंतर त्यांच्या कपाटातली पुस्तकं झटकता झटकता वाचली. पुढे चर्चच्या पत्रकातल्या चुका मीच काढायला लागले आणि त्यामुळे दोन मैत्रिणी गमावल्या. मिस्टर थ्रेलफॉलना हे सगळं ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एका नाताळला भेट म्हणून एक जाड शब्दकोश दिला आणि म्हणाले, "दाराला टेकू म्हणून उपयोगी पडू शकेल." एकोणीस वर्षांत ते माझे मिस्टर थ्रेलफॉल राहिले आणि मी त्यांची मिसेस ओग्डेन. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या खोऱ्यात याला जवळीक म्हणतात.

नोव्हेंबरात त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला आणि वाचा बसली. जानेवारीत इस्पितळानं घरी पाठवलं तेव्हा पलंग खाली दिवाणखान्यात आणला होता, खिडकीजवळ. दिवसातून तीनदा मदतनीस बाई यायची; उठवायची, धुवायची, निजवायची. मी दोनाचे चार दिवस केले.

त्यांच्या बहिणीची मुलगी रोझलिंड दक्षिणेत राहते, सरेमध्ये. ती बाई वाईट नाही. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती रोज फोन करायची आणि रोज रडवेली व्हायची. "मिसेस ओग्डेन, ते पडले तर? पहाटे पडले तर कुणाला कळणार?" तिनं लार्चफील्ड नावाचा वृद्धाश्रम शोधला होता, गावाबाहेर, सगळं तळमजल्यावर. त्याचं चकचकीत माहितीपत्रक तिनं स्वतः येऊन मामांच्या डाव्या हातात ठेवलं. त्यांनी ते पान न पान पाहिलं. मग ती गाडी वळवून गेली, आणि त्यांनी काठी उचलून जमिनीवर दोनदा आपटली. ठक, ठक. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा, ठक, ठक.

"इथेच?" मी विचारलं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एकोणीस वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी पडदे नीट करायला लागले.

नगरपालिकेचं पत्र आलं. सहा मार्चला सकाळी अकरा वाजता समाजसेविका येणार होती. कुठे राहायचं ते मिस्टर थ्रेलफॉलना स्वतः समजतं का आणि सांगता येतं का, हे ती पाहणार होती. मी फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "त्यांनी स्वतः सांगितलं की घरीच राहायचंय, तर त्यांना कुणी हलवू शकत नाही. पण सांगायला त्यांनीच हवं."

मी दिवस मोजले. पाच आठवडे होते.

दर पंधरा दिवसांनी वाचा सुधारणारी एक आयरिश बाई यायची, ओर्ला. तिला आडपडदा माहीतच नव्हता. तिनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "हे बघ नोरीन, अशा झटक्यानंतर तोंडात आधी काय येतं? जे आयुष्यभर घोकलंय ते. आभारी आहे, फार छान, काही हरकत नाही. ते आपोआप घरंगळत येतं. त्यावर भुलायचं नाही. त्याला दोनच शब्द शिकव. हवं आणि नको. रोज शंभरदा. बाकी सगळं चुलीत घाल."

"नुसतं नको?" मी म्हटलं. "मिस्टर थ्रेलफॉल? पाहुण्यासमोर?"

"पाहुणी नाहीये ती बाई. त्याला घरातून उचलायचं की नाही हे ठरवायला येतेय."

मी हो हो म्हटलं. आणि ऐकलं नाही. हे मला आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्याचं असं झालं की दुसऱ्याच दिवशी मी त्यांना उशी सरळ करून दिली आणि ते म्हणाले, "आपण फारच… कृपाळू आहात." एका दमात, स्वच्छ. माझा हात तसाच उशीवर राहिला. अडीच महिने या माणसाच्या तोंडून घरघर आणि अर्धेमुर्धे आवाज ऐकलेली मी. मला वाटलं, परत आले. आले की घरी, आपल्या पायांनी, टोपी काढून.

मग मी त्यांचा बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात शिकवण्याची कार्डं होती, त्यांच्याच हस्ताक्षरातली, कोपरे मऊ झालेली. लाल शाईत मस्ट, निळ्या शाईत वुड, कुड, माइट. रोज अकरा ते बारा आम्ही बसायचो. मी निळं कार्ड धरायचे, ते डाव्या हाताचं बोट ठेवायचे आणि वाक्य फुटायचं. कधी अडकायचं, कधी भलत्याच शब्दावर उतरायचं. एकदा त्यांना खिडकी उघडायला सांगायचं होतं आणि ते म्हणाले, "आपण तो घोडा जरा उघडू शकाल का?" मी म्हटलं, "घोडा उघडते, पण गार वारा येईल." त्यांचा अर्धा चेहरा हसला. दुसऱ्या अर्ध्याला अजून निरोप पोहोचला नव्हता.

ओर्लानं सांगितलेलं नको मी दोनदा आणलं. पोस्टकार्डाच्या आकाराचा कागद, त्यावर मोठ्या अक्षरात. मिस्टर थ्रेलफॉलनी तो पाहिला, तोंड उघडलं, आणि "न… न…" करत त्यांचा चेहरा लालबुंद झाला. शेवटी निघालं काय, तर "ना… नाही कशाला, आनंदानं." दुसऱ्या वेळी त्यांनी कागद हळूच उलटा करून ठेवला, जसं एखाद्या विद्यार्थ्यानं त्यावर काही अचकटविचकट काढलेलं असावं. मी तो डब्याच्या तळाशी टाकला. माझ्या मनात आलं, हा माणूस आयुष्यात पहिल्या पायरीवर उभा राहिला नाही, आता ऐंशीव्या वर्षी त्याला तिथे कशाला उभं करायचं? खरं सांगायचं तर मला निळी वाक्यंच ऐकायची होती. ती मी शिकवत होते. मी, नोरीन ओग्डेन, गालिच्यांच्या गिरणीतली, मिस्टर थ्रेलफॉलना व्याकरण शिकवत होते.

सहा मार्चसाठी आम्ही एक वाक्य बसवलं. ते त्यांनी स्वतः निवडलं, कार्डांवरून, एकेक करून. चार दिवस लागले. "तुम्हा सगळ्यांना फार अडचण होणार नसेल, तर मला इथेच राहायला आवडेल." ते त्यांना यायला लागलं. दहातल्या नऊ वेळा यायचं. पाच तारखेला आठ वेळा म्हटलं, आठही वेळा बरोबर. मी त्यांना म्हटलं, "मिस्टर थ्रेलफॉल, यात खोडायला एक स्वल्पविराम नाही." त्यांनी काठी आपटली. ठक, ठक.

सहा तारखेला मी आठलाच गेले. झाडलं, पुसलं, पितळ घासलं. पाहुणी येणार म्हणून खोलीतली अडगळ हलवली. औषधांचा ट्रे, लघवीचं भांडं, काठी. काठी दाराजवळच्या छत्र्यांच्या नळकांड्यात नीट उभी करून ठेवली.

रोझलिंड आदल्या दिवशीच येऊन हॉटेलात उतरली होती. समाजसेविकेचं नाव केरी-ॲन. असेल सव्वीस-सत्तावीसची, गोड, पावसात भिजलेली, मांडीवर प्रश्नांचे कागद. मी चहा दिला. तिनं खुर्ची जवळ ओढली.

"ऑल्डस, मी केरी-ॲन. ऑल्डस म्हटलं तर चालेल ना?"

त्यांना त्या नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस, त्यांची बहीण, जाऊन बारा वर्षं झाली होती.

"आनंदच… वाटेल," मिस्टर थ्रेलफॉल म्हणाले.

"अरे वा! किती छान बोलता. घरी कसं चाललंय?"

"तक्रारीला… जागा नाही."

"एकटं असताना कधी भीती वाटते?"

ते खरं उत्तर शोधत होते, मला दिसत होतं. "क्वचित. उगाच कुणाला… तसदी कशाला."

रोझलिंडनं रुमाल काढला. केरी-ॲननं लिहून घेतलं. मग तिनं लार्चफील्डची चित्रं दाखवली. बाग, जेवणाची खोली, कुत्रा मांडीवर घेतलेली एक म्हातारी. "हे समजतंय ना ऑल्डस? मला सांगाल, ही काय जागा आहे?"

"आश्रम," ते म्हणाले. "म्हाताऱ्यांचा." आणि मग, कारण पाहुणीनं आणलेल्या चित्राबद्दल काही बरं बोलायला हवं, "फारच रम्य दिसतं."

"हो ना? आणि इथे घरी राहणं किंवा तिथे जाणं, हे तुम्ही ठरवायचंय, हे समजतंय?"

"पूर्णपणे."

"मग तुम्हाला काय आवडेल?"

आला तो प्रश्न. मी किटलीवरचं लोकरी टोपडं दोन्ही हातांनी धरून बसले होते. मिस्टर थ्रेलफॉलनी पाठ सरळ केली. श्वास घेतला. डावा हात खुर्चीच्या बाजूला गेला, काठीच्या जागी, तिथे चाचपडला आणि परत मांडीवर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग केरी-ॲनकडे.

"तुम्हा सगळ्यांना," ते म्हणाले, "फार… अडचण… होणार नसेल…"

आणि श्वासासाठी थांबले. पाच तारखेलाही तिथेच थांबायचे. स्वल्पविराम होता तिथे.

"अडचण कसली मामा!" रोझलिंडचा बांध फुटला. तिनं त्यांचा हात धरला. "काही अडचण नाही! अहो, एवढी काळजी होती मला की तुम्ही नाही म्हणाल. कुणालाही त्रास नाही, सगळं मी बघते. तुम्ही फक्त निवांत राहा. थँक यू, मामा. थँक यू."

ती खरोखर रडत होती. आणि रडणाऱ्या बाईनं आभार मानले, तर मिस्टर थ्रेलफॉलसारखा माणूस काय करणार? त्यांनी तोंड उघडलं. वाक्याचं उरलेलं अर्धं तिथेच होतं, मला त्यांच्या जिभेवर दिसत होतं. पण आधी आभारांना उत्तर द्यायला हवं होतं.

"छे छे," ते म्हणाले. "आभार… माझेच. फार कृपा."

चपलेतला डावा पाय उचलून त्यांनी जमिनीवर दोनदा आपटला. खाली गालिचा होता, आमच्याच गिरणीतला, दाट विणीचा. काही ऐकू आलं नाही. केरी-ॲननं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थरथरतोय का पाय? दमलात. झालंच आता." मग ती माझ्याकडे वळली. "मिसेस ओग्डेन, तुम्ही त्यांना रोज पाहता. तुम्हाला काही सांगायचंय?"

मी हे वाक्य त्यानंतर मनात किती वेळा ऐकलं असेल. भांडी घासताना, बसमध्ये. त्या मुलीनं सरळ विचारलं होतं. ती थांबलीही होती, पेन उचलून. मिस्टर थ्रेलफॉल माझ्याकडे बघत होते. रोझलिंड घरची होती, केरी-ॲन सरकारची होती, आणि मी झाडणारी होते.

"ते काही माझं सांगायचं काम नाही," मी म्हटलं. "आणखी चहा घेणार का कुणी?"

स्वयंपाकघरात जाऊन मी किटली चालू केली आणि ती उकळून आपोआप बंद होईपर्यंत तिच्यासमोर उभी राहिले. मग पुन्हा चालू केली.

निकाल दहा दिवसांनी आला. रोझलिंडनं मला फोनवर वाचून दाखवला, अभिमानानं. मिस्टर थ्रेलफॉलना सगळं समजतं, ते स्पष्ट आणि सुसंगत बोलतात, लार्चफील्डला जायला त्यांनी आनंदानं संमती दिली. "स्पष्ट आणि सुसंगत, मिसेस ओग्डेन! हे सगळं तुमच्यामुळे." त्यांना काही समजत नाही असं ठरलं असतं, तर सगळ्यांना बोलावून बैठक घेतली असती, मलाही विचारलं असतं, हे ओर्लानं मला नंतर सांगितलं. ते पास झाले होते. मी त्यांना पास केलं होतं.

ओर्ला चिडली नाही, हे जास्त लागलं. ती बिस्किटांच्या डब्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही लोक बुडत असाल तर आधी पाण्याची माफी मागाल."

मी नगरपालिकेला पत्र लिहिलं. चार मसुदे केले. त्यांच्या शब्दकोशाशेजारी बसून, एकेक शब्द तोलून. सहा मार्चच्या भेटीबाबत काही गैरसमज झाला असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येऊ नये, असं मला नम्रपणे सुचवावंसं वाटतं. पुन्हा एकदा भेट देता आल्यास कदाचित उपयोगी ठरू शकेल. पाकीट बंद केल्यावर मला ते फार सुंदर पत्र वाटलं. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या मौलिक विचारांबद्दल आभारी आहोत. मी माझ्या पत्राची प्रत पुन्हा वाचली, त्यांच्या जागी बसून, आणि त्यात मी कुणाकडे काही मागितलंय हे मलाही सापडलं नाही.

तोवर ते गेलेही होते. पिशवी मीच भरली. दारात मदतनीस बाईचे आभार मानले त्यांनी, टॅक्सीवाल्याचे मानले, रोझलिंडचे मानले. माझ्यापाशी थांबले. "मिसेस ओग्डेन," ते म्हणाले, आणि पुढे काही आलं नाही, निळं ना लाल. रोझलिंडनं गाडीचं दार लावलं.

लार्चफील्डला मी मंगळवारी जाते. जागा स्वच्छ आहे, मी कोपऱ्यांत बोट फिरवून पाहिलंय. तिथल्या मुली प्रेमळ आहेत. परवा गेले तेव्हा एकीनं चहा आणला. "घ्या ऑल्डस डार्लिंग, दोन चमचे साखर, तुम्हाला आवडते तशी."

मिस्टर थ्रेलफॉलनी जन्मात चहात साखर घातली नाही.

"फारच… छान," ते म्हणाले, आणि घोट घेतला.

ती गेल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. "मिस्टर थ्रेलफॉल, नको म्हणा. नुसतं नको. माझ्यामागून म्हणा." मी पर्समधून तो कागद काढला, डब्याच्या तळाचा. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं. ओठ जुळवले. मान लाल झाली, कपाळावरची शीर उभी राहिली. "न," ते म्हणाले. "न…" दारातून मुलगी डोकावली.

"सगळं ठीक ना ऑल्डस?"

"उत्तम," ते म्हणाले. "आभारी आहे."

ती गेली. मी कागदाची घडी केली. मग न राहवून मी विचारलं, जे विचारायचं धाडस मी इतके मंगळवार केलं नव्हतं. "मिस्टर थ्रेलफॉल, घरी यायचंय?"

काठी त्यांच्या हाताशी होती. तेवढी मी लक्षात ठेवून पाठवली होती. त्यांनी ती उचलली. जमीन तिथली कडक आहे, फरशीसारखी, टाचणी पडली तरी वाजते. काठी वर गेली आणि हवेत तशीच राहिली. ते काठीच्या टोकाकडे बघत होते. मीही. इथे ठक-ठक केलं तर त्याचा अर्थ इथेच. त्यांच्याजवळ एकच सरळ शब्द उरला होता आणि तो त्या घराबाहेर चालत नव्हता. त्या घराच्या दारात तर आता विकल्याची पाटी उभी होती, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी काठी हळूच, आवाज न करता, खाली टेकवली.

"कुणाला… अडचण नसेल," ते म्हणाले.

मी थांबले. पुढचं अर्धं येईल म्हणून खूप वेळ थांबले. खिडकीबाहेर कुणीतरी चित्रातल्या त्या म्हातारीच्या कुत्र्याला फिरवत होतं.

"छे," मी म्हटलं, "कसली अडचण. बघते मी काय करता येईल ते."

त्यांनी मान हलवली. त्यांनी असल्या वाक्याचा खरा अर्थ चाळीस वर्षं परदेशी लोकांना समजावून सांगितला होता.

"पुढच्या मंगळवारी येऊ ना मी? तुम्हाला चालणार असेल तर."

"फार… बरं होईल, मिसेस ओग्डेन."

मी कोट घातला. त्यांचा कप तसाच होता, एका घोटानं कमी. भरलेला कप दिसला तर त्या मुलीला वाईट वाटेल म्हणून उरलेला चहा मी उभ्या उभ्या पिऊन टाकला.